कोळसा, वीज आणि पर्यावरणाचे नियम : आधी आपण समजून घेऊ, मग मुलांना समजावू



आजचा लेख चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासाला धरून आहे, पण खरं सांगायचं तर तो मुलांपेक्षा आपल्यासाठी जास्त आहे. माझी शाळा चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा पट्ट्यात आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी खाणीत, ट्रकवर किंवा वीज केंद्रात कामाला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मधल्या सुट्टीत एका विद्यार्थ्याचे वडील वर्तमानपत्राचं पान घडी करून घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, यात आपल्या गावाचं नाव आहे म्हणतात. काय लिहून आहे ते वाचून सांगता का जी?" मी वाचायला घेतलं. "पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी", "क्षेत्रविस्तार", "दशलक्ष टन प्रतिवर्ष", "कार्यकारी सारांश"... नोटीस मराठीतच होती, तरी मला अर्धीअधिक कळली नाही. "मीटिंग आहे, जाऊन या," एवढंच सांगून मी मोकळी झाले.

डी.एड.ला आम्ही पर्यावरण शिक्षण शिकलो होतो. झाडे लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा. पण खाणीला परवानगी कोण देतं, वीज केंद्राच्या धुराला मर्यादा कोण घालतं, हे कधी शिकवलंच गेलं नाही. त्या दिवसानंतर मी थोडं थोडं वाचत गेले. जे समजलं ते इथे मांडते.

नियम आले कुठून?

आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. त्यात पर्यावरणाच्या रक्षणाचं कर्तव्य आहे, ते कलम ५१ क मध्ये. सरकारनेही पर्यावरण जपावं असं कलम ४८ क सांगतं. ही दोन्ही कलमं १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली. परिपाठानंतर एखाद्या दिवशी ते पान उघडून मुलांना नक्की दाखवा.

कायद्यांचा क्रम असा लक्षात ठेवता येईल :

- १९७४ : पाणी प्रदूषण कायदा. यातूनच प्रदूषण नियंत्रण मंडळं आली.
- १९८० : वन संवर्धन कायदा. जंगलाची जमीन खाणीसाठी वापरायची तर केंद्राची परवानगी लागू झाली.
- १९८१ : हवा प्रदूषण कायदा.
- १९८६ : पर्यावरण संरक्षण कायदा. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायू दुर्घटनेनंतर हा आला.
- १९९४ आणि २००६ : प्रकल्प सुरू होण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासण्याच्या अधिसूचना. आज २००६ ची अधिसूचना, तिच्यातल्या अनेक दुरुस्त्यांसह, चालते.
- २०१० : राष्ट्रीय हरित लवाद. आपल्या महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात दोन तत्त्वं आपल्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. पहिलं, जो प्रदूषण करेल तो भरपाई करेल. दुसरं, धोका पुरता सिद्ध होईपर्यंत वाट न पाहता आधीच काळजी घ्यायची. मुलांना मी सोपं करून सांगते, "ज्याने सांडलं त्याने पुसायचं. आणि सांडेल असं वाटलं तर आधीच ग्लास नीट धरायचा."

कोळशाच्या प्रवासात नियम कुठे कुठे भेटतात?

कोळसा जमिनीतून निघतो आणि आपल्या घरात बल्ब लागतो. या वाटेवर प्रत्येक टप्प्यावर काही ना काही नियम आहे.

खाण सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी लागते, जंगल असेल तर वन मंजुरी वेगळी. ही मंजुरी म्हणजे नुसता "हो" नसतो. ते अटींचं लांबलचक पत्र असतं. धुळीवर पाणी मारणे, ट्रक ताडपत्रीने झाकणे, वरची सुपीक माती वेगळी जपून ठेवणे, ओबीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावणे अशा अटी त्यात असतात. मंजुरी नाकारलीही जाते. ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीला २००९ मध्ये केंद्राने नकार दिला होता.

खाण संपल्यावर खड्डा तसाच टाकून जाता येत नाही. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोळसा कंपनीने खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यायचा आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात जमा करत जायचे. उघड्या खाणीसाठी त्या वेळचा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता.

खाणीतून मिळणाऱ्या रॉयल्टीच्या प्रमाणात काही रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते. हा बदल २०१५ चा. हा पैसा खाणबाधित गावांसाठी आहे आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण यांना त्यात प्राधान्य आहे. मुख्याध्यापकांनी ही ओळ दोनदा वाचावी!

वीज केंद्राला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. धुरातल्या धूलिकणांनाही मर्यादा आहे. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार २००३ पर्यंतच्या जुन्या संचांसाठी एक घनमीटर वायूत १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधल्या संचांसाठी ५०, आणि २०१७ पासूनच्या नव्या संचांसाठी ३०.

राखेचं गणित

हा भाग मुलांना फार आवडतो, कारण यात घरचं लाईटबिल लागतं.

आपल्या कोळशात राख जास्त असते, साधारण ३० ते ४५ टक्के. एक युनिट वीज तयार करायला अंदाजे ७०० ग्रॅम कोळसा लागतो असं धरू. आता फळ्यावर उदाहरण मांडा :

एका घराची महिन्याची वीज = १०० युनिट
लागणारा कोळसा = १०० × ७०० ग्रॅम = ७० किलो
राख ३५ टक्के धरली तर = २४.५ किलो

म्हणजे सगळी वीज कोळशाची धरली तर आपल्या एका घरामागे महिन्याला राखेचं अर्धं पोतं! पोरं अवाक होतात. मग त्यांना सांगते की चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे आणि त्याची वीज राज्यभर जाते. एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, म्हणजे लाईट मुंबईला आणि राख आपल्याला?" मी काय उत्तर देणार? म्हटलं, "म्हणूनच तर राखेचा नियम आहे."

तो नियम पहिल्यांदा १४ सप्टेंबर १९९९ ला आला. वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिघातल्या वीटभट्ट्यांनी विटांमध्ये राख वापरावी असं त्यात होतं. पुढे परीघ १०० आणि नंतर ३०० किलोमीटर झाला. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळीच्या सगळी राख वापरणं बंधनकारक केलं. विटा, सिमेंट, रस्ते, जुन्या खाणींचे खड्डे भरणे असे मार्ग दिले आणि न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई ठरवली.

आता गणित पुढे न्या. १,००० किलोला १,००० रुपये, म्हणजे किलोला १ रुपया. आपल्या घरामागची राख पडून राहिली तर केंद्राला साडेचोवीस रुपये भरावे लागतील. टक्केवारी, गुणाकार, दशांश अपूर्णांक आणि "सांडलं त्याने पुसायचं" हे तत्त्व, सगळं एकाच तासात.

नियम असतो, मुदतही वाढते

ही बाजू लपवून पाठ शिकवता येणार नाही.

२०१५ च्या त्याच अधिसूचनेत सल्फर डायऑक्साइडची मर्यादाही होती. त्यासाठी जुन्या केंद्रांनी दोन वर्षांत, म्हणजे २०१७ अखेर, धुरातला गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा बसवायची होती. मुदत २०२२ पर्यंत गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट केले आणि पुन्हा नव्या तारखा आल्या. २०२२ मध्ये आणखी, २०२४ च्या शेवटी आणखी. शेवटी ११ जुलै २०२५ ला बहुसंख्य केंद्रांना, म्हणजे क गटाला, या मर्यादेतून वगळलं. मोठ्या शहरांजवळच्या अ गटाला २०२७ अखेरपर्यंत वेळ आहे. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या ब गटाचा निर्णय एकेक केंद्र तपासून होणार.

सरकारची कारणं अशी : आपल्या कोळशात गंधक मुळात कमी आहे, यंत्रणा महाग आहे, ती पुरवणारे मोजके आहेत आणि सगळा खर्च शेवटी वीजबिलात येईल. विरोध करणारे सांगतात की हा वायू हवेत गेल्यावर बारीक कण बनतो आणि तोच फुप्फुसात खोलवर जातो. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा. गृहपाठाला सारखी तारीख वाढवून मागणाऱ्याची गोष्ट त्यांना लगेच कळते. पण वर्गात एखाद्याच्या घरी खरंच वही घ्यायला पैसे नसतात, हेही त्यांना माहीत असतं.

आणखी एक उदाहरण. ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा खाणीपासून ५०० किलोमीटरपलीकडच्या केंद्रांना पाठवायचा नाही, आधी धुवायचा, असा नियम होता. मे २०२० मध्ये ती अट काढली गेली. म्हणजे नियम एकदा झाला की कायमचा झाला, असं नसतं.

विकसनशील देशाची अडचण इथेच आहे. वीज तर पाहिजेच. गावातल्या शाळेत स्मार्ट टीव्ही पाहिजे, पंखा पाहिजे, शेतीपंप पाहिजे. पण किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा क्रमांक आला. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे नापास! ४३ क्षेत्रं अतिप्रदूषित ठरली आणि जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदी आली. कृती आराखडे झाल्यावर ती टप्प्याटप्प्याने उठली.

जनसुनावणी म्हणजे नेमकं काय?

आता त्या वर्तमानपत्राच्या पानाकडे वळू.

जनसुनावणी म्हणजे मतदान नाही. "गावाने विरोध केला म्हणजे खाण होणार नाही" हाही गैरसमज आणि "सगळं ठरलेलंच असतं, जाऊन काय उपयोग" हाही गैरसमज. प्रकल्पाचा मसुदा अहवाल लोकांसमोर ठेवून त्यांचं म्हणणं नोंदवणं, हा तिचा हेतू आहे. ते म्हणणं तज्ज्ञ समितीपुढे जातं. कंपनीला अंतिम अहवालात त्याची उत्तरं द्यावी लागतात. त्यातून मंजुरीपत्रातल्या अटी ठरायला मदत होते.

लक्षात ठेवायच्या गोष्टी :

१. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते, त्यातलं एक वर्तमानपत्र प्रादेशिक भाषेचं.
२. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. त्याचा सारांश स्थानिक भाषेत असतो, म्हणजे आपल्याकडे मराठीत.
३. सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात.
४. तोंडी बोलता येतं, लेखीही देता येतं. सगळ्याचं चित्रीकरण होतं.
५. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा असतो. त्यामुळे आपलं बोलून झालं की लगेच उठू नका, शेवटपर्यंत थांबा.

काही प्रकारच्या खाणविस्ताराला अटींसह सुनावणीतून सूटही मिळालेली आहे. म्हणून जी सुनावणी होते तिची किंमत जास्त.

त्या वेळच्या सुनावणीला मीही गेले होते. मंडपात मागच्या खुर्चीवर बसले. लोक बोलले, चांगलं बोलले. जमिनीच्या भावावर, नोकरीवर, विहिरींच्या पाण्यावर. शाळा भरायच्या वेळी कोळशाचे ट्रक आमच्या फाटकासमोरून जातात, पहिलीची पोरं त्याच रस्त्याने हात धरून येतात, यावर कुणीच बोललं नाही. मीपण नाही. मी नोकरदार माणूस, आपण कसं बोलावं, असं वाटलं. पुढे मंजुरीपत्र आलं. मी ते इंटरनेटवर शोधून ओळ न ओळ वाचलं. अटी पुष्कळ होत्या. शाळेच्या रस्त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कसं असणार? कुणी सांगितलंच नव्हतं.

ती चूक मला अजून टोचते. म्हणून हा लेख.

वर्गात घेतलेला पाठ

*उपक्रम १ : धूळ मोजूया.* पांढऱ्या कार्डांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. एक कार्ड वर्गात, एक झाडाखाली, एक फाटकाजवळ ठेवा. तीन दिवसांनी भिंगाने पाहा. कार्डावर आधीच एक सेंटिमीटरचा चौकोन आखून त्यातले कण मोजायला लावा. आमच्याकडे फाटकाजवळचं कार्ड मोजताच येईना. "मॅडम, हे तर पूर्ण काळंच झालं!"

*उपक्रम २ : राखेचं गणित.* वर दिलंच आहे. मुलांनी आपापल्या घरचं बिल आणायचं.

*उपक्रम ३ : वर्गातली जनसुनावणी.* एक जिल्हाधिकारी, एक प्रदूषण मंडळाचे अधिकारी, दोन कंपनीचे प्रतिनिधी, बाकी गावकरी. गावकऱ्यांत शेतकरी, खाण कामगार, चहाटपरीवाली, दम्याचा त्रास असलेली आजी आणि शाळेतली मुलं. दोघांनी सगळं लिहून घ्यायचं आणि शेवटी वाचून दाखवायचं. एकच नियम : कुणी बोलताना मध्ये बोलायचं नाही.

माझ्या वर्गात ज्याचे वडील खाणीत आहेत तो मुलगा उठला आणि म्हणाला, "धूळ नाही पाहिजे. पण बाबांची ड्युटी पण बंद नाही झाली पाहिजे." वर्ग शांत झाला. मग जिल्हाधिकारी झालेल्या मुलीने विचारलं, "मग काय करायचं ते सांगा." त्यानंतर सूचना सुरू झाल्या. पाण्याचा टँकर शाळेआधी फिरवा. ट्रक झाका. शाळा भरताना आणि सुटताना ट्रक थांबवा. मोठ्यांच्या सुनावणीत जे राहून गेलं ते दहा वर्षांच्या मुलांनी पंधरा मिनिटांत सांगितलं.

खाणभागातल्या शिक्षकांना एक विनंती. "खाण वाईट, कारखाना वाईट" असं शिकवू नका. त्या मुलाच्या दप्तराचा पैसा तिथूनच येतो. नियम काय आहे आणि तो पाळला जातो का, एवढं विचारायला शिकवा.

शाळा आणि पालक काय करू शकतात?

- शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षकाला एकट्याने बोलायला संकोच वाटत असेल तर समितीच्या ठरावाने लेखी म्हणणं देता येतं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.
- मंजुरीपत्र मागा. ग्रामपंचायतीला त्याची प्रत मिळायला हवी, आणि परिवेश या संकेतस्थळावरही पाहता येतं.
- अटी पाळल्याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो नुसता वाचला तरी पुष्कळ कळतं.
- ग्रामसभेत जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून शाळेच्या कामांची मागणी नोंदवा.
- नोटीस आली की शाळेच्या फलकावर लावा आणि पालकसभेत सोप्या मराठीत वाचून दाखवा.

आमच्या समितीने नंतर ठराव करून पत्रं दिली, खाणीला, ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण मंडळाला. ट्रकची वेळ अजून बदललेली नाही. पाण्याचा टँकर मात्र आता शाळा भरायच्या आधी फिरतो. मंजुरीपत्रातली पाणी मारण्याची अट आम्ही क्रमांकासह पत्रात लिहिली होती.

मागच्या महिन्यात तेच वडील पुन्हा एक कागद घेऊन आले. या वेळी मी तो हातात घेतला नाही. त्यांच्या मुलाला बोलावलं आणि म्हटलं, "वाच." तो अडखळत वाचू लागला, "ज-न-सु-ना-व-णी..." आणि बापाकडे बघून म्हणाला, "बाबा, हे मला माहीत आहे. यात आपण बोलायचं असतं."

आपल्या शाळेत हा उपक्रम घेऊन पाहा. तुमच्याकडे खाण नसेल, तर वाळूघाट असेल, दगडखाण असेल, साखर कारखाना असेल. अनुभव जरूर कळवा.